शेतातल्या कुत्रीने ऐन थंडीत पिल्लं दिलीत, पहिले काही आठवडे कसं सांभाळायचं? खान्देशवाले जरा इकडे या

खळेकरी_चोपडा
नमस्कार मंडळी, घाईत लिहितोय. आमच्या मळ्यात एक काळी कुत्री आहे, पाळलेली म्हणता येणार नाही पण दोन-तीन वर्षांपासून आमच्याच भाकरीवर आहे आणि रात्री केळीत रानडुकरं शिरली की पहिली तीच उठते. तिने काल रात्री कापूस ठेवतो त्या खोलीत पिल्लं दिलीत, सहा आहेत. पाच आईला चिकटून पिऊन राहिलीत पण एक बाजूला पडलंय, हाताला गार लागतं आणि तोंडात करंगळी दिली तर चोखत पण नाही. थंडी तर तुम्हाला माहितीच आहे, सकाळी शेकोटी सोडवत नाही. आई म्हणते गायीचं दूध कोमट करून कापसाच्या वातीने पाज, आबा म्हणतात हात लावू नको, माणसाचा वास लागला की कुत्री पिल्लू टाकून देते. जाणकारांनी लवकर सांगा काय करू.

पारोळा_ताई
भाऊ आधी दूध बाजूला ठेवा. गार पडलेल्या पिल्लाला दूध पाजायचं नाही, कितीही दया आली तरी नाही. अंग गार पडलं की त्याची आतडी काम करणं थांबवतात, गिळायची ताकद नसते, मग ते दूध एकतर पोटात नासून पोट फुगतं नाहीतर श्वासनळीतून फुफ्फुसात जातं आणि पिल्लू जातं. आधी ऊब, मग दूध. हे सगळ्यांनी लक्षात ठेवा, मी गल्लीतली कितीतरी पिल्लं बघितली, भुकेने मरतात त्याच्यापेक्षा गारठून जास्त मरतात.

आत्ता असं करा. पिल्लू कोरड्या सुती कापडाने हलक्या हाताने पुसा, अंग ओलं असेल तर पूर्ण कोरडं करा, आणि तुमच्या बनियनच्या आत छातीशी धरा. वरून स्वेटर घाला आणि बसून राहा. चुलीजवळ नेऊन शेकू नका, गरम पाण्यात बुडवू नका, ऊब हळूहळूच यायला पाहिजे, तासभर लागेल, दोन तास पण लागतील. मध्ये मध्ये कूस बदलत राहा. घरात ग्लुकोजची पावडर असेल तर चिमूटभर कोमट पाण्यात कालवून बोटाने हिरड्यांना नुसती चोळा, ओतायचं नाही.

अंग गरम झालं, वळवळायला लागलं, बोट चोखायला लागलं की लगेच आईच्या मागच्या सडांना लावा, मागच्या सडांना दूध जास्त असतं. आधी सड दाबून एक थेंब काढा आणि तो थेंब त्याच्या ओठाला लावा. दांडगी पिल्लं थोडा वेळ बाजूला करून याला एकट्याला पिऊ द्या. आणि हे आजच झालं पाहिजे. गायीच्या वासराला जसा चीक लागतो तसाच कुत्रीचा पण चीक असतो, रोगाशी लढायची ताकद त्यातून येते आणि ती पहिल्या २४ तासांतच अंगात शिरते, त्यातही पहिले बारा तास महत्त्वाचे.

आबांना सांगा ओळखीच्या माणसाने हात लावल्याने कुत्री पिल्लू टाकत नाही. ती बाजूला सारते ते बहुतेक गार पडलेलं किंवा आजारी असतं म्हणून, आणि आपण नेमकं तेच उचलतो म्हणून सगळ्यांना वाटतं की हाताच्या वासाने टाकलं. फक्त तिच्या समोरच, बोलत बोलत उचला, आणि अनोळखी माणसांची गर्दी करू नका. नवी बाळंतीण कुत्री चावते.

कापूसवाला_धरणगाव
ताईंनी बरोबर सांगितलंय. मी जागेबद्दल बोलतो कारण आमच्याकडे पण दरवर्षी कुठली ना कुठली कुत्री कापसाच्या ढिगातच येऊन व्याते. ढीग उबदार असतो म्हणून ती तिथे जाते पण सुट्ट्या कापसात पिल्लं ठेवू नका भो. कापसाचे तंतू ओले झाले की पीळ बसतो आणि पिल्लाच्या पायाला, कधी गळ्याला गुंडाळतात. मागे एका पिल्लाच्या मागच्या पायाला असाच तंतू आवळलेला होता, पंजा सुजून जांभळा झालेला, केसात तो तंतू दिसतच नव्हता, नखाने उकलून नखकात्रीने कापावा लागला. जुन्या गोधडीचे निघालेले दोरे पण तसेच. भुसा पण नको, नाकाडोळ्यात जातो. नुसता पेपर अंथरला तर पाय घसरतात आणि पिल्लू पाय फाकवून बेडकासारखं पडतं, उभंच राहत नाही. खाली कोरडं बारदान, त्यावर जुनं सुती धोतर नाहीतर चादर ताणून, कडा खाली खोचून, आणि ओलं झालं की बदलायचं.

दुसरं म्हणजे बल्ब. लोक सांगतात बल्ब लावा आणि आपण लावतो एलईडी, त्याने उजेड पडतो पण ऊब काहीच मिळत नाही. जुना पिवळा तारेचा बल्ब पाहिजे, ६० वॉटचा, तालुक्याच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात अजून मिळतो. पिल्लांच्या अंगापासून दीड-दोन फूट वर आणि खोक्याच्या एकाच बाजूला, म्हणजे गरम झालं की त्यांना दुसऱ्या बाजूला सरकता येतं. वायर कुत्रीच्या तोंडाला येणार नाही अशी वरून घ्या आणि कापसाच्या खोलीत तर अजिबात लावू नका, आग लागायला एक ठिणगी पुरे.

आणि लाइट तर जाणारच. त्याच्यासाठी आमची आजी करायची ते सांगतो, दादरचे, म्हणजे ज्वारीचे, दाणे तव्यावर गरम करायचे, जाड मोज्यात भरायचे, गाठ मारायची, आपल्या मनगटाला सोसवेल इतपत झालं की फडक्यात गुंडाळून पिल्लांच्या कडेला ठेवायचं, खाली नाही. चांगला वेळ गरम राहतं. गरम पाण्याची बाटली पण चालते पण ती गार झाली की लगेच काढा नाहीतर उलट तीच ऊब ओढून घेते.

खळेकरी_चोपडा
ताई, भाऊ, खूप आभार. पिल्लू बनियनमध्येच घेऊन बसलो होतो, आधी काहीच नाही मग एकदम पोटाशी हलायला लागलं. पहाटे सडाला लावलं तर दोनदा सुटलं आणि तिसऱ्यांदा धरलं, मागचे पाय ताणून ताणून प्यायलं. आईने लगेच चाटून घेतलं, टाकलं वगैरे काही नाही, आबा पण बघत होते. सगळ्यांना आता भिंतीच्या आडोशाला केळीच्या जुन्या क्रेटमध्ये हलवलंय, खाली बारदान आणि धोतर. पण आता दूध पुरतंय की नाही हे कसं कळणार? आणि झोपेत सारखी दचकतात, अंग उडतं, झटके तर नाहीत ना?

पशुधन_अण्णा_नंदुरबार
मी पशुधन पर्यवेक्षक म्हणून नोकरी केली, आता निवृत्त आहे. आमचा बहुतेक जन्म गायी-म्हशीत गेला पण कुत्री काही कमी बघितली नाहीत. खळेकरी जिभाऊ, घाबरू नका. झोपेत अंग उडणं, ओठ हलणं, पाय झाडणं हे चांगल्या पिल्लाचं लक्षण आहे, पहिले दोन-तीन आठवडे असंच राहतं, त्यातूनच त्यांचे स्नायू तयार होतात. उलट अजिबात न हलणारं, ढिलं पडलेलं पिल्लू असेल तर काळजी करायची.

दूध पुरतं का हे वजनावरून कळतं, नजरेने नाही. किराणा दुकानात किंवा घरात छोटा डिजिटल काटा असतो ना, त्यावर वाटी ठेवून रोज एकाच वेळी वजन घ्या आणि वहीत लिहा. ओळखण्यासाठी प्रत्येकाच्या पाठीवर वेगवेगळ्या ठिकाणी थोडे केस कातरा, गळ्यात दोरा बांधू नका, पिल्लं इतक्या भराभर वाढतात की दोरा रुततो. रोज जन्माच्या वजनाच्या साधारण ५ ते १० टक्के वाढ पाहिजे, म्हणजे तीनशे ग्रॅमचं पिल्लू रोज १५ ते ३० ग्रॅमने वाढलं पाहिजे आणि साधारण दोन आठवड्यांत वजन दुप्पट झालं पाहिजे. पहिल्या दिवशी थोडं घटलं तर चालतं. पण त्यानंतर एक दिवस जरी वजन थांबलं तरी त्या पिल्लाकडे लक्ष द्या आणि घटलं तर वाट बघू नका. आजार दिसायच्या आधी काटा सांगतो.

कानाने पण कळतं. पोट भरलेली, ऊबेतली पिल्लं शांत असतात, नुसती कुईकुई हळू आवाजात चालते. सतत रडत असतील तर गार पडलीत, भुकेली आहेत नाहीतर दुखतंय. सगळी एकावर एक चढून ढीग करून असतील तर थंडी वाजतेय, सगळी एकमेकांपासून लांब पसरून तोंड उघडून असतील तर उकडतंय.

आता ताप. पहिल्या आठवड्यात पिल्लाच्या अंगाचं तापमान ९५ ते ९८ फॅरेनहाइट असतं, मोठ्या कुत्र्यासारखं १०१-१०२ नसतं, त्यामुळे ९७ बघून घाबरू नका. ९४ च्या खाली गेलं की ताईंनी सांगितलं तसं आतडी थांबतात. त्यांना पहिले पाच-सहा दिवस कुडकुडता पण येत नाही, म्हणजे थंडी वाजतेय हे अंग दाखवतच नाही. म्हणून त्यांच्या भोवतीची हवा पहिल्या आठवड्यात ३० ते ३२ सेल्सिअस, दुसऱ्यात २७ च्या आसपास, मग हळूहळू कमी. आपल्याकडे गावठी कुत्र्या बहुतेक भादव्यात माजावर येतात, गाभण काळ साधारण ६३ दिवसांचा, म्हणजे पिल्लं पडतात कार्तिक-मार्गशीर्षात. नेमकी त्याच वेळी तापीकाठची थंडी सुरू होते, आणि ओलिताच्या केळीत तर गारठा अजून जास्त. एवढी पिल्लं दगावतात त्याचं मोठं कारण हेच.

नाळेला बीटाडीन लावा, दिवसातून एकदा-दोनदा, तीन-चार दिवसांत वाळून गळते. ओढायची नाही. डोळे १० ते १४ दिवसांत आपोआप उघडतात, कान त्याच्या थोडे नंतर. डोळे बोटाने उघडायचा प्रयत्न कोणी करू नका. मात्र बंद पापणीखाली फुगीर झालं, पिवळं पाणी किंवा पू आला तर डॉक्टरकडे न्या, आत पू साचला तर डोळा जातो.

दूध पिताना नाकातून दूध येत असेल तर तोंड उघडून टाळू बघा, टाळूला फट असलेली पिल्लं जन्मतात, त्यांचं दूध फुफ्फुसात जातं.

शहादा_गृहिणी
पिल्लांबद्दल सगळे बोलतात, मी आईबद्दल बोलते. पहिले तीन-चार आठवडे तिला नेहमीच्या दुप्पट-तिप्पट खायला लागतं, सहा पिल्लं म्हणजे थोडी नाहीत. आपल्याकडे व्यालेल्या कुत्रीला गुळाचा शिरा घालतात ना, ती पद्धत प्रेमाची आहे आणि पहिल्या दिवशी थोडा घातला तर काही होत नाही, पण तूप-गूळ जास्त झाला की तिला हगवण लागते आणि मग तिचंच दूध कमी होतं. त्यापेक्षा कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी ताकात नाहीतर वरणाच्या पाण्यात कुस्करून, त्यात उकडलेलं अंडं, मिळाली तर कलेजी किंवा कोंबडीचे तुकडे शिजवून. मीठ-मसाला नाही, शेवभाजीचा उरलेला रस्सा तर नकोच, कांदा-लसूण कुत्र्याला बाधतो. दिवसातून तीन-चारदा थोडं थोडं द्या आणि पाणी तिच्या जवळच ठेवा, ती पिल्लं सोडून लांब पाणी प्यायला जात नाही आणि तहानलेली राहिली की दूध आटतं. पाण्याचं भांडं पिल्लं पडणार नाहीत असं ठेवा.

आणि एक फार महत्त्वाचं. आमची पॉमेरियन व्यायली होती, पाच पिल्लं, दोन आठवडे सगळं छान, मग एका संध्याकाळी ती धापा टाकायला लागली, सारखी उठबस, पिल्लांकडे लक्ष नाही, पाय ताठ पडायला लागले आणि सगळं अंग थरथरायला लागलं. मला वाटलं थंडीताप. नवऱ्याने तसंच उचलून दवाखान्यात नेलं, डॉक्टर म्हणाले कॅल्शियम कमी झालंय, शिरेतून हळूहळू कॅल्शियम दिलं आणि डोळ्यादेखत थरथर थांबली. सकाळपर्यंत वाट बघितली असती तर वाचली नसती असं ते म्हणाले. लहान जातीची कुत्री आणि पिल्लं जास्त असली की हे जास्त होतं, व्यायल्यावर पहिल्या महिन्यात. घरी कॅल्शियमचं सिरप पाजून हे बरं होत नाही. तेव्हा पिल्लं तिच्यापासून बाजूला काढा आणि लगेच डॉक्टर गाठा.

पशुधन_अण्णा_नंदुरबार
ताईंनी अगदी नेमकं लिहिलं. त्यात एक भर घालतो, गाभणपणात आधीपासून कॅल्शियमच्या गोळ्या चालू ठेवल्या तर हा त्रास टळत नाही, उलट वाढतो. शरीराला हाडातून कॅल्शियम काढायची सवयच राहत नाही. म्हणून गाभण असताना मनाने कॅल्शियम देऊ नका.

रोज कुत्रीच्या सडांना हात लावून बघा. एखादा सड दगडासारखा कडक, गरम, लालसर झाला, ती पिल्लांना पिऊ देत नाही, तर स्तनदाह. मागून होणारा स्राव सुरुवातीला हिरवट-काळपट, मग तपकिरी-लालसर, तो काही आठवडे थोडा थोडा चालतो, पण घाण वास, ताप आणि खाणं सोडणं असं एकत्र दिसलं तर आत वार किंवा पिल्लू अडकलेलं असू शकतं.

डॉक्टर कुठे मिळतील म्हणाल तर तालुक्याला सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना आहेच, जिल्ह्याच्या गावी सर्वचिकित्सालय आहे, आणि फिरत्या पथकासाठी १९६२ हा टोल फ्री नंबर लावता येतो. त्यांचं मुख्य काम गुरांचं असतं पण विचारायला काय हरकत आहे.

अमळनेर_स्टेशनरोड
माझा प्रश्न वेगळा आहे पण धागा चालू आहे म्हणून इथेच विचारते. आमच्या गल्लीतली कुत्री आज सकाळी गाडीखाली आली, मागे चार पिल्लं, डोळे अजून बंद. घरी आणलीत, खोक्यात ठेवलीत, बल्ब लावलाय (पिवळाच, वर वाचलं म्हणून). दूध काय आणि कसं पाजू? घरात म्हशीचं आहे. लहान बाळाची पावडर चालेल का?

पारोळा_ताई
ताई तुम्ही उचललीत ते चांगलं केलं. आधी कळेल तितक्या लोकांना विचारा की कोणाची कुत्री नुकती व्यायलीय का आणि पिल्लं थोडी आहेत का. दुसऱ्या कुत्रीच्या पिल्लांमध्ये ही मिसळता आली तर त्यासारखं काही नाही. तिच्या पिल्लांच्या खालचं फडकं घेऊन यांना पुसायचं, म्हणजे वास एक होतो, आणि ती बाहेर गेलेली असताना ठेवायची, मग जवळ बसून बघायचं ती चाटते का. बऱ्याच कुत्र्या घेतात.

नाहीच मिळाली तर पिल्लांसाठीचा मिल्क रिप्लेसर, म्हणजे आईच्या दुधाऐवजी द्यायची पावडर, मिळतो, जळगाव-धुळ्याच्या पेट शॉपमध्ये विचारा, ऑनलाइन पण येतो. गायीच्या दुधात प्रोटीन आणि फॅट दोन्ही साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतात, कुत्रीच्या दुधात प्रोटीन सात-आठ आणि फॅट नऊच्या आसपास, आणि गायीच्या दुधात लॅक्टोज मात्र जास्त, म्हणून त्याने पिल्लं हगतात आणि वाढत नाहीत. पाणी घालून पातळ करणं तर अजून वाईट, तेवढंच पोट भरतं पण मिळत काहीच नाही. माणसाच्या बाळाची पावडर पण यांना पुरत नाही. पावडर येईपर्यंत एखादी रात्र काढायची असेल तर म्हशीच्या कपभर कोमट दुधात दोन अंड्यांचे फक्त पिवळे बलक नीट फेटून, गाळून द्या. साखर, मध, गूळ काही नाही. हे कायमचं करायचं नाही.

पाजायची पद्धत नीट वाचा कारण इथेच पिल्लं जातात. आपण बाळाला उताणं धरतो तसं पिल्लाला धरायचं नाही. पोटावर, आईजवळ पितं तसं, डोकं किंचित वर, खाली टॉवेल असू द्या म्हणजे पुढच्या पायांनी त्याला दाबता येतं. छोट्या निपलची बाटली, नाही तर सुई काढलेली सिरिंज, पण सिरिंजने ढकलायचं नाही, एक थेंब, गिळलं की दुसरा. वात पण नको, दूध नाकात जातं आणि कापूस तोंडात राहतो. एका वेळी १०० ग्रॅम वजनाला साधारण ४ मिली, पहिल्या आठवड्यात दर दोन-तीन तासांनी, रात्री पण, दुसऱ्यात तीन-चार तासांनी. दूध मनगटाच्या आतल्या बाजूवर टाकून बघा, कोमट लागलं पाहिजे. पिताना खोकला, नाकातून बुडबुडे आले तर थांबा, डोकं खाली करून नाक पुसा, आणि नंतर श्वास घुरघुर वाजला तर डॉक्टर. प्रत्येक वेळी बाटली उकळा, उरलेलं दूध टाका.

पाजून झालं की कोमट पाण्यात बुडवून पिळलेल्या मऊ फडक्याने पोटाखाली आणि शेपटीखाली हळू हळू पुसत राहा, शू आणि शी होईपर्यंत. त्यांना तीन आठवड्यांपर्यंत स्वतःहून होतच नाही, आई चाटते तेव्हाच होते. हे कोणी सांगत नाही आणि पोट फुगून पिल्लं मरतात. शू फिकट पाहिजे, गडद पिवळी दिसली तर पाणी कमी पडतंय.

अमळनेर_स्टेशनरोड
फडक्याने पुसल्यावर लगेच झाली! चौघांना पण. मला हे अजिबात माहीत नव्हतं. सासूबाई आणि मी रात्रीच्या पाळ्या लावल्यात, धुळ्याहून पावडर उद्या येतेय. एकाच्या कानाजवळ आणि मानेवर गोचीड आहेत, खूप. गोठ्यातलं गोचिडाचं औषध पाण्यात टाकून पुसू का?

पशुधन_अण्णा_नंदुरबार
नको नको ताई, ते गुरांचं औषध आहे, एवढ्याशा जिवाला विषच. गोचिडाची पावडर, गळ्याचा पट्टा, रॉकेल, काहीच लावू नका. आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन पण कोणी गावातला देतो म्हणाला तर नाही म्हणा. चिमट्याने कातडीला लागून धरून सरळ ओढून काढा, साबणाच्या पाण्यात टाका, आणि पिसवांसाठी बारीक दातांची फणी. आंघोळ नाही. हिरड्या बघा, गुलाबी पाहिजेत, पांढरट पडल्या तर गोचीड-पिसवांनी रक्त प्यायलंय, त्याच दिवशी डॉक्टरला दाखवा. या वयात चालणारे स्प्रे आहेत पण ते डॉक्टरांनीच मारायचे.

भुसावळ_क्वार्टर
थंडीचं सगळं झालं, मे महिन्याचं पण कोणीतरी लिहा म्हणून मीच लिहितो, कारण आमच्याकडे पारा ४५ ला टेकतो आणि त्या दिवसांत पण कुत्र्या व्यातात. तेव्हा बल्बचा विचार पण करू नका. पत्र्याच्या शेडखाली पिल्लं असतील तर दुपारी आत भट्टी होते, आईला पण सहन होत नाही, ती उठून निघून जाते आणि लोक म्हणतात टाकून गेली. जागा बदला, कडुनिंबाच्या सावलीत नाहीतर मातीच्या भिंतीच्या खोलीत, जमीन सारवलेली असेल तर उत्तम. ओलं गोणपाट खिडकीला लावा, पिल्लांच्या अंगावर ओलं फडकं टाकू नका. कूलर थेट त्यांच्यावर सोडू नका, भिंतीकडे तोंड करा. पहाटे जमीन गार पडते तेव्हा खाली कोरडं कापड पाहिजेच. आणि धाप लागली, सारखी लांब पसरून कण्हतायत, तोंड लाल झालंय तर आधी तिथून हलवा.

खळेकरी_चोपडा
अपडेट. ते गार पडलेलं पिल्लू आता सगळ्यात लहान आहे पण वहीत रोज आकडा वाढतोय. दुसरं एक, चांगलं दांडगं होतं, परवा सकाळी आईच्या पाठीखाली दबलेलं सापडलं. फार वाईट वाटलं. घरात सगळे गप्प होते. आता क्रेटच्या आत काय करता येईल?

कापूसवाला_धरणगाव
वाईट झालं भो. क्रेट काढा, तिला लोळायला जागा पुरत नसेल. मोठं चौकोनी आळं करा विटांचं, आणि आतल्या बाजूने भिंतीपासून चार-पाच इंच सोडून, जमिनीपासून पण तेवढ्याच उंचीवर ठिबकच्या मेन लाइनचा जुना पाइप किंवा बांबू आडवा बांधा. आई भिंतीला टेकली तरी मागे बोळ राहते, पिल्लू त्यात सरकतं. डुकरांच्या शेडमध्ये असंच करतात.

पशुधन_अण्णा_नंदुरबार
हो, हाच उपाय. जिभाऊ, सगळं नीट करूनही पहिल्या दोन आठवड्यांत एखादं जातंच, चांगल्या घरात पण. वाचलेल्या पाचांकडे बघा. दोन आठवडे झाले की जंताचं पहिलं औषध, मग चौथ्या, सहाव्या, आठव्या आठवड्याला, आणि आईला पण त्याच वेळी. गोल जंत आईच्या पोटातूनच पिल्लात येतात, म्हणून कुठे बाहेर गेली नाहीत तरी जंत असतातच. डोस वजनावर असतो, वही घेऊन डॉक्टरकडे जा. हे जंत माणसाच्या लेकरांना पण होतात, पोरं पिल्लांशी खेळली की साबणाने हात धुतले पाहिजेत, आणि पिल्लांची शी रोज उचलून पुरायची.

शहादा_गृहिणी
तीन आठवड्यांनंतर दात टोचायला लागतात, आई उठून जाते, तेव्हा वरचं खाणं सुरू करायचं. पसरट थाळीत, परातीत नाही, त्यात पडतात. त्याच रिप्लेसरमध्ये किंवा अंड्याच्या बलकात भाकरीचा मऊ चुरा, अगदी पेजेसारखं. पहिल्या दिवशी खातात कमी आणि अंगाला जास्त फासतात. हळूहळू घट्ट करत न्यायचं, आणि पाणी थाळीत वेगळं.

पारोळा_ताई
आणि आता मला जे पोटतिडकीने सांगायचंय ते. चौथ्या-पाचव्या आठवड्यात पिल्लं दुडदुडायला लागतात आणि सगळ्यात गोंडस दिसतात, तेव्हाच शाळेतली पोरं दप्तरात घालून घेऊन जातात. दोन दिवस खेळतात, दूध-बिस्किट घालतात, तिसऱ्या दिवशी हगवण लागली की परत रस्त्यावर, तेही दुसऱ्याच गल्लीत. आठ आठवड्यांपर्यंत पिल्लू आईजवळच राहिलं पाहिजे. किती जोरात चावायचं, कुठे थांबायचं, मोठ्या कुत्र्यापुढे कसं वागायचं हे सगळं ते आई आणि भावंडांकडून शिकतं. कुत्र्यांच्या विक्रीचे २०१७ चे जे नियम आहेत त्यात पण आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला मनाई आहे. खळेकरी भाऊ, कोणी मागितलं तर नाव लिहून घ्या, वेळ झाल्यावर द्या, आणि मादी पिल्लं पण द्या. लोक नर तेवढे उचलतात आणि माद्या मळ्यातच राहतात, मग पुढच्या भादव्यानंतर हाच धागा परत उघडावा लागतो.

लस सहाव्या ते आठव्या आठवड्यापासून, पार्वो-डिस्टेंपरची, मग तीन-चार आठवड्यांनी परत, साधारण १६ आठवड्यांपर्यंत. रेबीजची तीन महिन्यांना. मळ्यात पूर्वी पार्वोने पिल्लं गेली असतील तर ती जागा वापरू नका, तो विषाणू मातीत कितीतरी महिने टिकतो. फरशी असेल तर आधी साबणाने घासून मग ब्लीचच्या पाण्याने, एका भागाला तीस भाग पाणी, आणि पिल्लं तिथे असताना नाही.

खळेकरी_चोपडा
ताई, नावं लिहायला सुरुवात केलीय. आबांनी स्वतः एक मादी ठेवायचं ठरवलंय मळ्यासाठी, आणि एक यावलच्या मावसभावाला. पाइप बांधला, आता पिल्लं मागच्या बोळीतच जाऊन झोपतात. डोळे सगळ्यांचे उघडलेत. काळीने काल आबांचा हात चाटला, पण शेजारच्या मळ्यातला सालदार बघायला आला तर त्याच्या पिंडरीला दात लागले, थोडंच खरचटलंय.

पशुधन_अण्णा_नंदुरबार
थोडं असू द्या नाहीतर जास्त, त्याला आत्ता लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं जखम धुवायला सांगा. हळद, चुना, मिरची काही भरू नका. आजच ग्रामीण रुग्णालयात किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यात रेबीजची लस सुरू करायची, आणि सगळे डोस पुरे करायचे, मध्येच सोडायचे नाहीत. कुत्री आपली आहे, बरी आहे म्हणून थांबायचं नाही, तिला लस दिलेली नाही ना.

खळेकरी_चोपडा
गेलाय, मीच मोटरसायकलवर घेऊन आलोय, रांगेत आहोत. काळीचं नसबंदीचं ऑपरेशन कधी करता येईल?

पारोळा_ताई
पिल्लं सुटून दूध आटलं की. साधारण दोन-अडीच महिन्यांनी, सड सुकलेले दिसले पाहिजेत, पण फार लांबवू नका, पुढचा माज यायच्या आत. सरकारी दवाखान्यात आधी विचारून तारीख घ्या, आदल्या रात्रीपासून खायला द्यायचं नाही, आणि त्याच वेळी रेबीजची लस पण मागा. ऑपरेशननंतर दहा दिवस कोरड्या जागेत बांधून ठेवायची सोय आत्तापासून बघून ठेवा, मळ्यात मोकळी सोडली तर टाके चाटते आणि चिखलात लोळते.